सिनेमात स्वयंपाकघर कोणाचं दिसतं?

३१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांमध्ये 'मार्च फॉर ऑस्ट्रेलिया' या नावाने मोर्चे निघाले. मागणी होती, स्थलांतर थांबवा. मोर्चाच्या प्रचारपत्रकात भारतीयांचा थेट उल्लेख होता. शंभर वर्षांत ग्रीक आणि इटालियन मिळून जेवढे आले नाहीत, त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले, असा त्याचा आशय. मेलबर्नमध्ये विधिमंडळाच्या पायऱ्यांवरून उघडपणे नाझी विचार मांडणाऱ्या एका गटाच्या नेत्याने भाषण केलं. त्याच दिवशी काळे कपडे घातलेल्या त्याच्या माणसांनी 'कॅम्प सॉव्हरिन्टी'वर हल्ला केला. ही जागा तिथल्या आदिवासींची आहे, जवळच त्यांच्या पूर्वजांचे अवशेष पुरलेले आहेत. 'आमच्या देशातून चालते व्हा' असं ओरडणाऱ्यांनी सगळ्यात आधी कोणाला मारलं, तर जे हजारो वर्षं तिथेच आहेत त्यांना.

त्या आठवड्यात परदेशी शिकायला गेलेल्या आणि जायच्या तयारीत असलेल्या आपल्या मुलामुलींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर बरीच चर्चा झाली. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीमुळे वस्तीतली, तालुक्याच्या गावातली मुलं आता लंडन-मेलबर्नला पोहोचतात, त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूर राहिलेला नाही. चर्चेत कोणीतरी 'अमेरिकन हिस्टरी एक्स' या सिनेमाचा छोटा तुकडा टाकला. चमनगोटा, छातीवर भलंमोठं नाझी स्वस्तिक, कृष्णधवल चित्र, मागे चढत जाणारं संगीत. खाली लिहिलं होतं, 'हे लोक असे असतात, सांभाळून राहा.' टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण याच सिनेमाच्या अशा तुकड्यांखाली मी 'काय माणूस आहे!' छापाच्या कौतुकाच्या कमेंटही वाचल्या आहेत. एकाला जो इशारा वाटतो, तोच दुसऱ्याला भरतीची जाहिरात वाटतो. हे कसं होतं, ते समजून घ्यायचं तर या प्रकारच्या सिनेमांकडे जरा बारकाईने पाहावं लागेल.

एक गोष्ट आधीच सांगते. वंशद्वेषी तरुणांच्या टोळ्यांवरचे जे गाजलेले सिनेमे आहेत, ते बहुतेक वंशवादाच्या विरोधात आहेत. दिग्दर्शकांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. माझा प्रश्न साधा आहे. मारामारी संपल्यावर कॅमेरा कोणाच्या घरी जातो? आई कोणाची दिसते? जेवणाचं टेबल, चूल, भांडी, भिंतीवरचे फोटो कोणाचे दिसतात? आणि ज्याला मार पडला, तो घरी जाऊन काय करतो, हे कधी दिसतं का?

सुरुवात मेलबर्नपासूनच करू. १९९२ साली जेफ्री राइट या दिग्दर्शकाचा 'रॉम्पर स्टॉम्पर' आला. रसेल क्रो तेव्हा हॉलिवूडला माहीत नव्हता. त्याने यात हँडो नावाच्या स्किनहेड टोळीप्रमुखाची भूमिका केली आणि त्या वर्षीचा ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवला. सिनेमा घडतो फुट्स्क्रे या पश्चिम मेलबर्नमधल्या कामगार उपनगरात. पहिल्याच प्रसंगात रेल्वे स्टेशनखालच्या बोगद्यात ही टोळी काही व्हिएतनामी पोरांना गाठून बेदम मारते. पुढे टोळीचा अड्डा असलेला पब एक व्हिएतनामी माणूस विकत घेणार असं कळतं, आणि टोळी त्याच्या मुलांवर तुटून पडते. या वेळी मात्र व्हिएतनामी तरुण मोठ्या संख्येने जमतात आणि स्किनहेडना त्यांच्या गोदामापर्यंत पळवत नेतात. हा पाठलाग लांबलचक आहे आणि खरं सांगायचं तर तो पाहताना आपल्यासारख्या प्रेक्षकाला बरं वाटतं. मार खाणारे उलटून उभे राहिले, याचं ते समाधान.

पण सिनेमा संपल्यावर स्वतःला विचारून पाहा. एका तरी व्हिएतनामी पात्राचं नाव आठवतं का? आधी ती पोरं मार खाणारी शरीरं होती, नंतर मारणारा जमाव झाली. त्यांची आई बोटीतून आली का, बाप कोणत्या कारखान्यात होता, पब घ्यायला पैसे कुठून जमवले, यातलं काही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. उलट हँडोची खोली आपल्याला माहीत होते, त्याचं पुस्तक माहीत होतं, आपल्याच देशात गोरा हमाल होऊन राहावं लागेल ही त्याची भीती तो आपल्याला नीट समजावून सांगतो. त्याचा मित्र डेव्ही आहे, गेब नावाची मुलगी आहे, तिच्यावर अत्याचार करणारा श्रीमंत बाप आहे. माणूसपणाचा सगळा ऐवज एकाच बाजूला वाटला गेला आहे. शेवटी समुद्रकिनारी हे गोरे तरुण एकमेकांचा जीव घेतात आणि बसमधून उतरलेले जपानी पर्यटक वरून ते पाहत, टिपत उभे राहतात. शेवटच्या दृश्यातही आशियाई माणूस परका, बिनबोलता, गर्दीतला.

सिनेमावर तेव्हाही वाद झाला. डेव्हिड स्ट्रॅटन या नामवंत समीक्षकाने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याला गुण द्यायलाच नकार दिला, कारण असा सिनेमा हिंसेला खतपाणी घालेल असं त्याला वाटत होतं. त्याची सहसमीक्षक मार्गारेट पोमेरान्झ हिला मात्र तो खूप आवडला. मला स्ट्रॅटनचा आक्षेप अपुरा वाटतो. हिंसा दाखवली म्हणून हिंसा वाढते, एवढं सरळ गणित समाजात नसतं. हिंसा न दाखवणारे, गोड गाणी असलेले कितीतरी सिनेमे आपल्याकडे जात पोसत आले आहेत. प्रश्न रक्त किती सांडलं याचा नसून कोणाच्या रक्ताला नाव होतं, याचा आहे.

आता ते फुट्स्क्रे काय होतं ते पाहू. ऑस्ट्रेलियात १९०१ च्या कायद्याने 'श्वेत ऑस्ट्रेलिया' हे धोरण आलं. आशियाई माणसाला येऊच द्यायचं नाही, असं ते धोरण. १९७३ मध्ये व्हिटलॅम सरकारने त्याचे उरलेसुरले अवशेष काढून टाकले. १९७५ मध्ये सायगॉन पडलं, एप्रिल १९७६ मध्ये निर्वासितांची पहिली बोट डार्विनला लागली आणि माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने व्हिएतनामी निर्वासितांना मोठ्या संख्येने घेतलं. त्यांना घरं स्वस्तात मिळाली ती फुट्स्क्रेसारख्या भागांत, आणि काम मिळालं तिथल्या कारखान्यांत. हेच कारखाने मग एकेक करून बंद पडू लागले. १९९२ च्या अखेरीस देशातली बेरोजगारी ११ टक्क्यांच्या आसपास गेली होती. गोऱ्या कामगाराचा मुलगा आणि व्हिएतनामी निर्वासिताचा मुलगा एकाच बंद गेटसमोर उभे होते. गेट कोणी बंद केलं, हे विचारायला मोठं धैर्य लागतं. शेजारी उभ्या असलेल्याला मारायला तेवढं लागत नाही.

या माणसांनी तिथे काय उभं केलं, तेही सांगायला हवं. फुट्स्क्रेचा बाजार, खानावळी, शिवणकामाचे छोटे उद्योग. जवळच ब्रेब्रुकला त्यांनी क्वांग मिन्ह हे बौद्ध विहार उभारलं, ते आज त्या भागातल्या व्हिएतनामी समाजाचं मोठं केंद्र आहे. निर्वासित होऊन आलेले लोक आधी पोटाची सोय करतात आणि मग लगेच विहारासाठी जागा शोधतात, हे आपल्या वाचकांना वेगळं समजावून सांगायला नको. 'रॉम्पर स्टॉम्पर'च्या फुट्स्क्रेमध्ये असा दिवा लावणारं कोणी मनात राहत नाही.

सतरा वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच पश्चिम मेलबर्नमध्ये, फुट्स्क्रे, सनशाइन या भागांत भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. रात्रपाळी करून शेवटच्या ट्रेनने परतणारी मुलं, हातात फोन किंवा लॅपटॉप. त्या प्रकाराला 'करी बॅशिंग' असं नाव पडलं होतं. ३१ मे २००९ रोजी हजारो विद्यार्थी मेलबर्नच्या रस्त्यावर उतरले, फ्लिंडर्स स्ट्रीटच्या चौकात त्यांनी ठिय्या दिला. पोलिसांचं म्हणणं होतं की हे बरेचसे संधीसाधू लुटीचे गुन्हे आहेत, आणि हल्लेखोर सगळे गोरे नव्हते, हेही खरं होतं. इकडे आपल्या वृत्तवाहिन्यांना मात्र पडद्यावर चमनगोटेवाले नाझीच हवे होते. सिनेमाने हल्लेखोराचा चेहरा आधीच ठरवून दिला की तसा चेहरा सापडला नाही, तर एक बाजू म्हणते वंशवाद नाहीच, आणि दुसरी बाजू तो चेहरा काल्पनिक उभा करते. अपुऱ्या पगारावर रात्रपाळी, लांबची स्वस्त खोली, फीवर चालणारी कॉलेजं आणि विद्यार्थ्याकडे दुभती गाय म्हणून पाहणारी व्यवस्था, हे सगळं दोन्हीकडून सुटतं. पुढच्या वर्षी आपल्याकडे याच विषयावर 'क्रूक' नावाचा हिंदी सिनेमा आला, इम्रान हाश्मीचा. विद्यार्थ्यांच्या त्या खोल्या समजून घ्यायला तो फारसा उपयोगाचा नाही, एवढंच म्हणते.

ओघात आलं म्हणून लिहिते. जानेवारी २०१० मध्ये शिवसेनेने जाहीर केलं की भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होतात म्हणून ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटूंना महाराष्ट्रात खेळू देणार नाही. त्याआधी जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, ऑक्टोबर २००८ मध्ये, रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबई परिसरात परीक्षा केंद्रांवर घुसून मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं होतं. पक्ष वेगळे होते, पण भूमिपुत्राचं भांडवल एकच. मेलबर्नच्या ट्रेनमधला विद्यार्थी आपला आणि मुंबईच्या परीक्षा केंद्रातला परका, हे गणित आपल्या पोरांनाही कधी कधी पटतं, म्हणून आठवण करून दिली.

'अमेरिकन हिस्टरी एक्स'कडे वळते. १९९८ चा सिनेमा, दिग्दर्शक टोनी के. एडवर्ड नॉर्टनला यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. टोनी के याचं निर्मात्यांशी इतकं बिनसलं की त्याने सिनेमावरचं स्वतःचं नाव काढून तिथे एका बालगीतातल्या पात्राचं नाव टाकण्याचा हट्ट धरला. कथा लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीच भागातली. डेरेक हा हुशार मुलगा अग्निशामक दलातल्या बापाच्या खुनानंतर नाझी टोळीत जातो, दोन कृष्णवर्णीयांना ठार मारतो, तुरुंगात जातो, तिथे त्याचे डोळे उघडतात. बाहेर येऊन तो धाकट्या भावाला वाचवायचा प्रयत्न करतो. भूतकाळ कृष्णधवल आणि वर्तमान रंगीत. गंमत अशी की जो भूतकाळ आपल्याला नाकारायला सांगितला आहे, तोच जास्त देखणा चित्रित झाला आहे. त्यामुळे तुकडे कापणाऱ्यांच्या हाती आयता माल लागतो. पश्चात्तापाचा पाऊण तास कोणी रील बनवून टाकत नाही.

त्यात एक प्रसंग आहे, टोळी रात्री एका किराणा दुकानावर धाड घालते. दुकान कोरियन माणसाचं, काम करणारे बहुतेक मेक्सिकन स्थलांतरित. धाडीआधी डेरेक पार्किंगमध्ये पोरांसमोर भाषण देतो: यांनी आपल्या नोकऱ्या घेतल्या, सरकार आपला पैसा यांच्यावर उधळतं. भाषण मुद्देसूद आहे. मग तोडफोड होते, एका कामगार बाईची भयंकर विटंबना होते. ती किंचाळते आणि सिनेमातून निघून जाते. तिचं पुढे काय झालं? ती दुसऱ्या दिवशी कामावर आली का? पोलिसात गेली, की कागदपत्रं नाहीत म्हणून गप्प बसली? डेरेकच्या पश्चात्तापातसुद्धा ती परत येत नाही.

तरी या सिनेमाचं एक मोठं देणं आहे. ते हाणामारीत नसून जेवणाच्या टेबलावर आहे. शेवटाकडे एक जुनी आठवण येते. बाप जिवंत आहे, डेरेक शाळेत आहे, कृष्णवर्णीय शिक्षक स्वीनी यांनी एका कृष्णवर्णीय लेखकाची कादंबरी शिकवायला घेतली आहे आणि पोरगा त्यावर भारावून बोलतो आहे. बाप खाता खाता शांतपणे म्हणतो की हे सगळं ठीक आहे, पण चांगली पुस्तकं बाजूला सारून हे कशाला? मग तो आपल्या खात्यातली गोष्ट काढतो. दोन कृष्णवर्णीयांना घेतलं, परीक्षेत जास्त गुण असलेले गोरे राहिले. उद्या आग लागली तर माझा जीव कोणाच्या भरवशावर? अमेरिकेतल्या 'अफर्मेटिव्ह ॲक्शन'वरचं हे बोलणं. पोराच्या चेहऱ्यावरची चमक हळूहळू जाते आणि तो मान डोलावतो.

आमच्या अभ्यासगटात हा सिनेमा पाहिला तेव्हा मारहाणीच्या दृश्यांना पोरं कुजबुजत होती, मोबाइल बघत होती. या दृश्याला खोली चिडीचूप झाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, 'ताई, हे तर आमच्या कॅन्टीनमधलं आहे.' पूल पडला की 'कोट्यातला इंजिनिअर', ऑपरेशन फसलं की 'कोट्यातला डॉक्टर'. शब्दसुद्धा बदललेले नाहीत, फक्त आगीचा बंब तेवढा वेगळा. त्या बापाने कधी कोणावर हात उगारलेला नाही. तो प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, शेजारी त्याला सज्जनच म्हणणार. डेरेकच्या छातीवरचं गोंदण त्या टेबलावर सुरू झालं. बाबासाहेबांनी माणसाच्या डोक्यात बसलेल्या जातीविषयी जे सांगितलं, त्याचं इतकं स्पष्ट चित्र मी हॉलिवूडच्या दुसऱ्या सिनेमात पाहिलेलं नाही.

ब्रिटनचा 'धिस इज इंग्लंड' मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. शेन मेडोजचा २००६ चा सिनेमा, काळ १९८३ चा. बारा वर्षांचा शॉन, बाप फॉकलंडच्या युद्धात गेलेला. त्याला वूडी नावाचा एक मोठा मुलगा आपल्या स्किनहेड टोळक्यात घेतो. हे टोळकं वंशवादी नाही. त्यात मिल्की नावाचा जमैकन वंशाचा मुलगाही आहे. इथे अनेकांना धक्का बसतो, कारण स्किनहेड म्हणजे नाझी असंच आपण धरून चालतो. मुळात साठच्या दशकाच्या शेवटी ही शैली लंडनच्या कामगार वस्त्यांत, जमैकन पोरांच्या स्का आणि रेगे संगीतावर, गोऱ्या-काळ्या पोरांच्या एकत्र नाचण्यातून तयार झाली. जॉन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये तिच्याबद्दल लिहिताना असं मांडलं होतं की ज्या कामगार वस्तीचं सामूहिक जगणं मोडून पडत होतं, ते या पोरांनी कपडे, बूट आणि टोळीच्या रूपाने जणू जादूने परत आणायचा प्रयत्न केला. वस्ती खरोखर परत येत नाही, फक्त तिचा गणवेश अंगावर येतो. नंतर नॅशनल फ्रंटसारख्या पक्षांनी त्या गणवेशात आपला माणूस शिरवला.

सिनेमात ते काम काँबो करतो. तो तुरुंगातून सुटून येतो आणि टोळक्याचे दोन भाग करतो. त्याचा राग सगळ्यात भयानक फुटतो तो मिल्कीवर, आणि कधी? मिल्की आपल्या मोठ्या, गोतावळ्याच्या कुटुंबाबद्दल सहज, आनंदाने बोलत असतो तेव्हा. काँबोकडे तसं काही नाही. काळ्या पोराकडे घर आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्याला सहन होत नाही. या एका प्रसंगात मार खाणाऱ्याच्या घराला निदान शब्दांतून तरी जागा मिळते, आणि म्हणून तो मार आपल्याला लागतो. या सिनेमाला ब्रिटिश सेन्सॉरने १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. ज्या वयाच्या पोरांबद्दल आणि पोरांसाठी तो होता, त्यांनाच तो थिएटरात पाहता येईना. मेडोजने जाहीर नाराजी व्यक्त केली. ब्रिस्टलच्या नगरपालिकेने आपल्या अधिकारात तो १५ वर्षांच्या मुलांसाठी खुला केला.

स्थलांतरितांच्या बाजूने कॅमेरा लावला तर काय दिसतं, याचं उत्तर ब्रिटनमध्ये वीस वर्षं आधीच मिळालं होतं. 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' हा १९८५ चा सिनेमा हनीफ कुरेशी यांनी लिहिला. त्यातली पाकिस्तानी माणसं बिचारी नाहीत. कोणी दारुडा जुना समाजवादी आहे, कोणी गोऱ्या भाडेकरूंना रस्त्यावर काढणारा घरमालक, कोणी अमली पदार्थांचा धंदा करणारा. तरुण ओमर एका माजी फॅसिस्ट गोऱ्या मित्राला आपल्या लाँड्रीत कामाला ठेवतो आणि त्याच्यावर प्रेमही करतो. तेव्हा काही दक्षिण आशियाई लोकांनीच या सिनेमाला विरोध केला, समाजाची बदनामी होते म्हणून. मला तो विरोध समजतो, पण पटत नाही. पडद्यावर माणूस म्हणून जागा हवी असेल तर लबाड असण्याचीही मुभा मागावी लागते. नुसतं निष्पाप बळी होण्यात मान नाही.

आता पुन्हा १९९२ कडे. 'रॉम्पर स्टॉम्पर' प्रदर्शित झाला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मनीच्या रोस्टॉक शहरातल्या लिख्टनहागेन भागात जे घडलं, ते कोणत्याही सिनेमापेक्षा भयंकर होतं. तिथल्या एका उंच इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर सूर्यफुलांचं मोठं चित्र आहे, म्हणून तिला सूर्यफुलाचं घर म्हणतात. तिथे निर्वासितांचं नोंदणी केंद्र होतं आणि शेजारीच व्हिएतनामी कामगारांचं वसतिगृह. हे कामगार पूर्व जर्मनीच्या समाजवादी सरकारने करारावर आणलेले. दोन जर्मनी एक झाल्या, कारखाने गेले, करार संपले. नोंदणी केंद्रात जागा नाही म्हणून रोमा निर्वासित कुटुंबं कित्येक दिवस बाहेर गवतावर झोपत होती आणि प्रशासन ढिम्म होतं. २२ ऑगस्टला दगडफेक सुरू झाली. २४ तारखेला निर्वासितांना बसमधून हलवलं, मग जमाव व्हिएतनामी वसतिगृहाकडे वळला. पोलीस मागे हटले, पेट्रोलबाँब पडले, इमारत पेटली. आत शंभराहून जास्त व्हिएतनामी माणसं होती, लहान मुलं, गरोदर बाया. ते छतावरून वाट काढून वाचले. कोणी मेलं नाही हा योगायोग. खाली हजारो लोक जमले होते. त्यातले बरेचसे हल्लेखोर नव्हते. ते टाळ्या वाजवत होते.

या घटनेवर बुऱ्हान कुर्बानी यांनी 'वी आर यंग, वी आर स्ट्राँग' या अर्थाच्या नावाचा जर्मन सिनेमा केला, तो २०१५ च्या सुमारास लोकांपुढे आला. कुर्बानी स्वतः अफगाण आईबापांच्या पोटी जर्मनीत जन्मलेले. त्यांनी त्या एका दिवसाचे तीन धागे घेतले. बेकार, कंटाळलेली जर्मन पोरं. त्यांतल्या एकाचा बाप, स्थानिक राजकारणी, ज्याला काय चाललंय ते कळतं पण भूमिका घेता येत नाही. आणि लिएन, वसतिगृहातली व्हिएतनामी तरुणी. तिचा भाऊ म्हणतो आता परत जाऊ, तिला इथेच राहायचं आहे, तिने त्यासाठी धडपड केली आहे. म्हणजे हल्ल्याआधीच आपण तिच्या घरात बसून तिचं भांडण ऐकलेलं असतं. सुरुवातीचा बराच भाग कृष्णधवल आहे, आणि रात्री हल्ल्याच्या वेळी पडद्यावर रंग येतात. पण तेव्हा आपण दगड मारणाऱ्याबरोबर जितके असतो तितकेच दाराच्या आत असतो. या सिनेमाचा तुकडा कापून कोणाला रील बनवता येणार नाही, कारण आतल्या माणसांना वगळून ती आग पाहणं अवघड होऊन बसतं.

आणि बाप! खिडकीपाशी उभा राहून विचार करणारा तो राजकारणी मला त्या पोरांपेक्षा जास्त भीतिदायक वाटला. रोस्टॉकनंतर जर्मनीत काय झालं? आधीपासून चाललेल्या वादाला जोर आला आणि १९९३ मध्ये घटनेतला आश्रयाचा हक्कच आकसून टाकण्यात आला. मे महिन्याच्या अखेरीस तो निर्णय झाला आणि तीनच दिवसांनी झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर जाळण्यात आलं. पाच बायका-मुली त्यात गेल्या. दगड मारणाऱ्यांची मागणी सभागृहात मान्य झाली, असा अर्थ कोणी काढला तर त्याला खोटं कसं म्हणायचं?

चमनगोटा हा आता सोयीचा मुखवटा झाला आहे, असं मला वाटतं ते यामुळे. जुलै २०२४ मध्ये इंग्लंडच्या साउथपोर्टमध्ये नृत्याच्या वर्गात तीन लहान मुलींची हत्या झाली. मारणारा नुकताच बोटीने आलेला मुस्लिम निर्वासित आहे, अशी खोटी बातमी काही तासांत पसरली. प्रत्यक्षात तो सतरा वर्षांचा, कार्डिफमध्ये जन्मलेला, रवांडातून आलेल्या आईबापांचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी मशिदीवर हल्ला झाला. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ निर्वासितांना ठेवलेलं हॉटेल, माणसं आत असताना, पेटवायचा प्रयत्न झाला. त्या दंगलींत न्यायालयापुढे उभे राहिलेल्यांत बारा वर्षांची मुलं होती आणि सत्तरीला टेकलेले आजोबाही होते. कोणाच्या अंगावर टोळीचा गणवेश नव्हता. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टालामध्ये एका भारतीय माणसावर लहान मुलांबाबत खोटा आळ घेऊन जमावाने त्याला मारलं, कपडे फाडले. १ ऑगस्टला आपल्या दूतावासाला तिथल्या भारतीयांसाठी सूचना काढावी लागली. अफवा, मोबाइल, बघे. गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर आपल्याकडे २०१८ मध्ये धुळ्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं, ते विसरलेलं नाही ना? तिथेही नाझी कोणी नव्हता.

आमच्या गटात सिनेमा लावला की आता मी एक काम देते. प्रत्येकाने एक पात्र निवडायचं, ज्याला संवाद नाहीत, आणि त्याचा दुसरा दिवस लिहून आणायचा. किराणा दुकानातल्या त्या बाईवर गेल्या वेळी चार जणांनी लिहिलं. एकाने तिला युनियनमध्ये नेलं, एकीने तिला परत मेक्सिकोला पाठवलं. एका मुलाने फक्त तिची पगाराची चिठ्ठी लिहिली, किती तास, किती डॉलर, किती कापले. तो स्वतः डिलिव्हरीचं काम करतो.

हे करताना मला नेहमी खोआ डो आठवतात. ते लहानपणी बोटीतून ऑस्ट्रेलियात आलेल्या व्हिएतनामी कुटुंबातले. सिडनीच्या कॅब्रामॅटा भागात बेघर आणि व्यसनात अडकलेल्या पोरांना ते सिनेमा शिकवायला गेले आणि त्याच पोरांना घेऊन २००३ मध्ये त्यांनी 'द फिनिश्ड पीपल' केला. पैसा अगदी थोडा, कॅमेरा साधा, आवाज कुठे कुठे नीट येत नाही. त्यात स्किनहेड नाहीत. दिवस कसा काढायचा, रात्री कुठे झोपायचं, एवढाच संघर्ष. 'रॉम्पर स्टॉम्पर'मध्ये जी पोरं जमाव म्हणून धावत आली होती, त्यांच्या धाकट्या भावंडांना इथे नावं आणि आवाज मिळाले. आपल्याकडे मोबाइलवर शूट करणाऱ्या पोरांनी तो मिळवून पाहावा.

आणि रोस्टॉकचे व्हिएतनामी? अनेक जण परत गेले, काही थांबले. आग लागून दोन महिने होतात न होतात, तोच ऑक्टोबर १९९२ मध्ये थांबलेल्यांनी 'दिएन हाँग' नावाची संस्था काढली. नावापुढे त्यांनी 'एका छपराखाली एकत्र' अशा अर्थाचे शब्द जोडले. भाषेचे वर्ग, राहण्याच्या परवान्याच्या अर्जांना मदत, जर्मन शेजाऱ्यांबरोबर कार्यक्रम. सूर्यफुलाचं घर अजून उभं आहे आणि त्यात लोक राहतात.